पहिला ग्लास कोण भरतो?

महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी वयाची 21 वर्षे आणि व्हिस्की, रम किंवा देशी दारूसाठी 25 वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात, आणि वय पूर्ण झाले तरी पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. कायदा इतका स्पष्ट असूनही कोल्हापुरात अकरावी-बारावीच्या बाकांवर बसणाऱ्या कितीतरी मुलांनी दारूची चव घेतलेली असते, हे त्यांच्याशी रोज बोलणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. पालकांच्या बैठकीत हा विषय निघाला की सगळ्यांचे बोट बिअर शॉपीकडे जाते. दुकानदार वय विचारत नाही, ढाब्यावर कुणी ओळखपत्र मागत नाही, शिवाय गोव्यात 18 व्या वर्षीच पिण्याची मुभा असल्याने गोवा बनावटीची बाटली घाट चढून इकडे येतेच, अशा तक्रारी ऐकू येतात. त्या खऱ्या आहेत आणि त्यावर कारवाई व्हायलाच हवी. आपल्याकडे बायकांनी मतदान करून, 'आडव्या बाटली'ला गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांची मते मिळवून दुकाने बंद पाडली आहेत, आणि त्या धैर्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मुले विश्वासाने बोलू लागली की त्यांच्या हकिगतीत दुकान फार उशिरा येते. त्याच्या आधी एक माणूस येतो. तो मामा असतो, चुलतभाऊ असतो, मंडळातला दादा असतो, मोठ्या भावाचा मित्र असतो, कधी कधी वडील असतात. पहिला ग्लास मुलगा विकत घेत नाही, तो त्याला कुणीतरी भरून देतो, आणि देणारा बहुतेक वेळा त्याच्यावर जीव लावणारा असतो. या लेखात मला त्या देणाऱ्याविषयीच बोलायचे आहे.

इथल्या जेवणावळींवर माझे प्रेम आहे, हे आधी सांगायला हवे. आषाढात पंचगंगेचे नवे पाणी पी ढबाक या वाद्यांच्या गजरात टेंबलाईच्या टेकडीवर नेऊन वाहायचे आणि मग घरोघर मटणाची जेवणे उठवायची, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. चार मित्रांनी वर्गणी काढून शेतात चूल मांडायची आणि स्वतःच्या हाताने तांबडा-पांढरा रस्सा करायचा, ही रस्सा मंडळाची हौस कोल्हापुरी पुरुषांना जन्मजात असावी. त्या चुलीभोवती मुलगाही मोठा होतो. दहाव्या वर्षी तो लसूण सोलतो, तेराव्या वर्षी त्याला गाडीवर मागे बसवून बर्फ आणि सोड्याच्या बाटल्या आणायला नेतात, पंधराव्या वर्षी चकणा मांडायचे आणि ग्लास विसळायचे काम त्याच्याकडे येते, आणि मग एका रात्री कुणीतरी स्टीलच्या पेल्यात दोन घोट ओतून म्हणतो, "घे रं, आता मिसरूड फुटलंय की तुला." सगळे हसतात. त्या हसण्यात त्याला आपल्यात घेतल्याचा आनंद असतो, आणि पोरगा तो पेला तोंडाला लावतो तो दारूसाठी नाही, त्या आनंदासाठी लावतो. एका विद्यार्थ्याने मला सरळ सांगितले होते, "मॅडम, नको म्हटलं असतं तर वर्षभर चिडवलं असतं सगळ्यांनी. आणि खरं सांगू का, मला बरं वाटलं हुतं." त्याचे हे बरे वाटणे मला महत्त्वाचे वाटते. वाईट संगत, मोबाईल, सिनेमा यांच्यावर खापर फोडताना आपण हे विसरतो की पुष्कळ मुलांना पहिला पेला हा घरच्या माणसांनी केलेला सन्मान वाटलेला असतो.

देणाऱ्याच्या मनातही खोट नसते. त्याच्या मनात दोन-तीन समजुती पक्क्या बसलेल्या असतात, आणि त्यांतली पहिली म्हणजे बिअर ही काही दारू नाही. पचनसंस्था शिकवताना यकृत आले की मी फळ्यावर एक गणित घालते. बिअरची मोठी बाटली 650 मिलिलिटरची असते. स्ट्राँग बिअरमध्ये आकारमानाने 8 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असते. म्हणजे त्या एका बाटलीत 52 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल झाले, आणि अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याचे वजन साधारण 41 ग्रॅम भरते. आता शेजारी व्हिस्कीचा लार्ज पेग मांडायचा. तो 60 मिलिलिटरचा, व्हिस्कीत अल्कोहोल 42.8 टक्के, म्हणजे सुमारे 20 ग्रॅम. ज्या मामाने भाच्याला "नुसती बिअरच हाय" म्हणून एक बाटली दिली, त्याने त्याला व्हिस्कीचे दोन लार्ज पेग दिले. भाच्यासमोर दोन पेग भरून ठेवायचा धीर त्याच मामाला झाला नसता. मुले हा हिशेब वहीत उतरवून घेतात आणि लगेच वाद घालतात, हे मला आवडते. "पण मॅडम, बिअर म्हणजे बार्लीचं पाणी," असे एक जण म्हणतो. "मुतखड्यावर चालते की," असे दुसरा म्हणतो. अल्कोहोलमुळे लघवी जास्त होते हे खरे, पण त्यामुळेच शरीरातले पाणी कमी होते. शिवाय बिअरमुळे युरिक आम्ल वाढते आणि त्याचेही खडे होतात. मुतखड्यावर खरे औषध भरपूर साधे पाणी आणि डॉक्टरांचा सल्ला हेच आहे. तेव्हा बार्लीचेच हवे असेल तर जव उकळून त्याचे पाणी प्यावे.

हेच गणित पुढे नेले की रस्त्यावर येते. 55 किलो वजनाच्या मुलाने रिकाम्या पोटी ती एक बाटली भरभर संपवली, तर त्याच्या 100 मिलिलिटर रक्तात अंदाजे 100 मिलिग्रॅम अल्कोहोल जाते. मोटार वाहन कायद्याने वाहन चालवणाऱ्यासाठी ठरवलेली मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. यकृत तासाला साधारण सात ते आठ ग्रॅम अल्कोहोलच मोडू शकते, म्हणजे ही एक बाटली पूर्णपणे उतरायला पाच तासांहून अधिक वेळ लागतो, आणि हा वेग लिंबाने, ताकाने, कडक कॉफीने किंवा थंड पाण्याच्या अंघोळीने वाढत नाही. 'पोटभर मटण खाल्लं की चढत नाही' हा आपला आवडता उपाय अर्धाच खरा आहे. जेवणाने अल्कोहोल जठरातून लहान आतड्यात जायला उशीर होतो, त्यामुळे नशा हळूहळू येते. पण प्यालेले कुठे जात नाही. जेवण झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने मुलगा "मी ठीक हाय" म्हणतो, गाडीला किक मारतो, आणि पन्हाळ्याच्या वळणांवर असताना त्याच्या रक्तातले प्रमाण अजून वर चढत असते. झोपी गेलेल्या मुलाच्या बाबतीतही तेच होते. हा मुद्दा पुढच्या एका प्रसंगासाठी लक्षात ठेवावा.

दुसरी समजूत स्वतः मुलांची आहे आणि ती फुशारकीच्या रूपात ऐकू येते. "मला चढतच नाही." वर्गातल्या मुलांमध्ये अशा मुलाला वजन असते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असे दिसून आले आहे की कोवळ्या वयात अल्कोहोलने गुंगी येणे आणि तोल जाणे हे परिणाम प्रौढांपेक्षा कमी जाणवतात, आणि स्मरणशक्तीवर होणारा परिणाम मात्र जास्त असतो. याचा अर्थ गंभीर आहे. प्रौढ माणसाला जिथे डोळे जड होतात, पाय लटपटतात आणि शरीर थांब म्हणून सांगते, तिथे सतरा वर्षांच्या मुलाला ती सूचना उशिरा मिळते आणि तो पीत राहतो. न चढणे ही ताकद नाही, ती सूचनेची उणीव आहे. त्यात एनर्जी ड्रिंक मिसळायची जी टूम आली आहे, तिने ही उणीव आणखी वाढते, कारण कॅफीन सुस्ती लपवते, पण रक्तातले अल्कोहोल कमी करत नाही.

मेंदूचे सांगायचे तर त्याचा कपाळामागचा भाग, ज्याच्यावर पुढचा विचार करणे, मोहाला आवर घालणे आणि धोका जोखणे ही कामे अवलंबून असतात, तो साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. सुखाची आणि बक्षिसाची ओढ लावणारी यंत्रणा मात्र किशोरवयातच जोमाने काम करू लागते. म्हणून सोळाव्या वर्षी हौस पूर्ण वाढीची असते आणि आवर अपुरा असतो. यात मुलाचा काही दोष नाही, ते त्या वयाचे शरीरशास्त्र आहे. या काळात वारंवार आणि भरपूर पिण्याने नव्या आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागालाही इजा पोहोचू शकते. बारावीचे आणि प्रवेश परीक्षांचे वर्ष म्हणून घरादाराने मुलासाठी दूध-बदाम, क्लासची फी, पहाटेचा गजर हे सगळे सांभाळायचे आणि शनिवारी त्याच मेंदूवर दारू ओतणाऱ्या माणसाला हसून जागा करून द्यायची, याची संगती मला कधी लावता आलेली नाही.

अमेरिकेत 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, चौदा वर्षे किंवा त्याआधी प्यायला सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के लोक आयुष्यात केव्हा ना केव्हा दारूच्या पूर्ण आहारी गेलेले आढळले, तर विशीत किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास होते. लवकर सुरुवात हेच त्याचे एकमेव कारण आहे असे यावरून म्हणता येत नाही, कारण ज्या घरात लवकर मिळते त्या घरात बहुधा आधीपासूनच दारू असते, ताणही असतात, आणि व्यसनाकडे असलेला कल थोडाफार रक्तातूनही येतो. तरीही ज्या घरात आजोबा दारूने गेले त्या घराने नातवाच्या बाबतीत अधिक सावध असायला हवे, एवढे तरी त्यातून नक्की निघते. केंद्र सरकारने 2019 साली प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात देशातल्या 10 ते 17 वर्षे वयाच्या मुलांपैकी 1.3 टक्के, म्हणजे जवळजवळ 30 लाख मुले दारू पितात असे नोंदवले आहे. टक्केवारीने हा आकडा लहान वाटतो, पण 30 लाख मुले म्हणजे कितीतरी जिल्ह्यांच्या सगळ्या शाळा भरतील एवढी मुले.

तिसरी समजूत सुशिक्षित घरांत जास्त आढळते आणि तिच्याशी वाद घालणे मला सर्वांत कठीण जाते, कारण तिच्यामागे विचार असतो. "बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरी आमच्यासमोर थोडी घेऊ दे, म्हणजे मर्यादा शिकेल." ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. ऑस्ट्रेलियात सुमारे 1900 मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा सहा वर्षे पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. आईवडिलांनी स्वतः दारू दिल्याने मुलांचे रक्षण झाल्याचा कोणताही पुरावा त्यात मिळाला नाही; उलट ज्यांना घरातून मिळत होती त्यांना पुढे बाहेरूनही मिळण्याची शक्यता वाढलेली दिसली, आणि एका बैठकीत खूप पिण्याचे व त्यातून होणाऱ्या अपायांचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. घरातून मिळालेला घोट मुलाला मर्यादा शिकवत नाही, तो त्याला परवानगी असल्याचे सांगतो, आणि ती परवानगी घेऊन मुलगा उंबऱ्याबाहेर पडतो.

आता तो प्रसंग. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईने तो मला सांगितला आणि इतर आयांना सांगायला परवानगी दिली. गटारीची रात्र होती. श्रावण लागायच्या आधीची ही अमावास्या आपल्याकडे खरे तर दिव्यांची, घरातले दिवे घासूनपुसून पुजायची. ती गटारी कधी झाली याची आता कुणाला आठवणही नाही. बारावीतली चार मुले एका अर्धवट बांधकामाच्या स्लॅबवर बसली होती. एकाच्या दादाने त्यांना दोन खंबे, म्हणजे दारूच्या मोठ्या बाटल्या, आणि बिर्याणी पोहोचवली होती आणि तो आपल्या मित्रांकडे निघून गेला होता. या मुलाने पैज लावून पाऊण ग्लास कोरी घेतली. अकराच्या सुमारास त्याला ओकारी झाली, मग तो उठवून उठेना. मित्रांनी त्याच्या तोंडात लिंबूपाणी ओतले, तोंडावर गार पाणी मारले, चटईवर उताणे निजवले, अंगावर चादर घातली, आणि घरून फोन येऊ नयेत म्हणून चौघांचे फोन बंद केले. झोपला की उतरेल, असे त्यांना वाटले. रात्री दोनच्या सुमारास त्याच्या श्वासाची घरघर ऐकून त्यांतला एक घाबरला आणि शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या आपल्या आजीला उठवून घेऊन आला. त्या माउलीने एकही प्रश्न विचारला नाही. तिने पोराला कुशीवर वळवले, बोटाने तोंड साफ केले, नातवाला रिक्षा आणायला पिटाळले आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्याचे डोके स्वतःच्या मांडीवर कुशीवरच धरून ठेवले. ओकारी फुप्फुसात गेली होती, रक्तातली साखर खाली आली होती. अतिदक्षता विभागातून तो परत आला, न्यूमोनियातून सावरला, त्याचे अर्धे सत्र बुडाले. त्याची आई मला म्हणाली, "पोरांनी मला फोन का केला न्हाई, म्हणून मी लई चिडलो मॅडम. तर त्यातला एक म्हणतोय, काकू, तुमी मारला असता."

मुले निर्दय नव्हती. आपल्या समजुतीप्रमाणे त्यांनी मित्राची सेवाच केली होती, पण त्यांना काय करायचे हे कुणी सांगितले नव्हते आणि घरच्यांची भीती मरणाच्या भीतीपेक्षा मोठी होती. म्हणून हे मी दरवर्षी वर्गात सांगते आणि इथेही सांगते. प्यालेला माणूस हलवून, चिमटा काढून उठत नसेल, त्याचा श्वास फार सावकाश चालत असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचे अंतर पडत असेल, ओठ-नखे निळसर दिसत असतील, अंग गार पडले असेल, तर ती झोप नाही. लगेच 108 वर फोन करायचा. तोवर त्याला कुशीवर, वरचा गुडघा दुमडून, डोके किंचित मागे करून ठेवायचे, एकटे सोडायचे नाही, आणि तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. ओकारी काढायलाही लावायचे नाही. आणि पालकांनी मुलांना आधीच, कसलाही प्रसंग नसताना, एवढे सांगून ठेवायचे की रात्री कितीही वाजता, कुठूनही फोन कर, मी न्यायला येईन, त्या रात्री एक शब्द बोलणार नाही. बोलायचे ते दुसऱ्या दिवशी. काहींना ही सूट वाटते. ज्या आईने अतिदक्षता विभागाबाहेर रात्र काढली आहे, तिला ती तशी वाटत नाही.

मुलींविषयी कुणी फारसे बोलत नाही. मुलीही पितात, कमी पितात, पण अधिक लपून पितात. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातले प्रमाण जास्त चढते. बदनामीच्या धास्तीने तिच्या मैत्रिणी तर फोन करायला आणखी कचरतात. वर सांगितलेली सगळी आश्वासने मुलींना दुप्पट ठामपणे द्यायला हवीत, एवढे म्हणून पुढे जाते.

देणाऱ्याला कायदा काय म्हणतो, हे त्या बिचाऱ्या दादाला ठाऊक नव्हते. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 77 प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यात दुकानदार आणि नातेवाईक असा भेद नाही. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड सांगतो, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. पुण्यात कल्याणीनगरला 19 मे 2024 रोजी मध्यरात्रीनंतर सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव पोर्श गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, तेव्हा जामीन देताना त्याला लिहायला सांगितलेल्या 300 शब्दांच्या निबंधावर सगळा महाराष्ट्र संतापला. तो संताप योग्य होता. मात्र पोलिसांनी त्या प्रकरणात मुलाच्या वडिलांवर आणि पबच्या लोकांवरही बाल न्याय कायद्याखाली गुन्हे नोंदवले, ही गोष्ट आपल्या चर्चेत फार थोडी आली. गाडी कुणी दिली आणि टेबलावर दारू कुणी ठेवली, हे प्रश्न त्या रात्रीपुरते आणि त्या श्रीमंत घरापुरते नाहीत. आपल्याकडे ते बुलेटच्या आणि शेतातल्या चुलीच्या रूपात दर शनिवारी उभे असतात.

नुसत्या धाकाने मुले थांबत नाहीत. आइसलँडचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. तिथे 1998 साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुले मागच्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेली होती. 2016 साली हे प्रमाण 5 टक्क्यांवर आले. तिथे पालक एकत्र आले आणि त्यांनी मुलांना दारू न देण्याचे व रात्री घराबाहेर न सोडण्याचे आपसांत करार केले, रात्री बाहेर राहण्याच्या वेळेवर कायद्याने बंधन आले, आणि खेळ, संगीत, नाच यांसाठी सरकारने व नगरपालिकांनी पैसा पुरवला. मुलांची संध्याकाळ भरून काढली, असे थोडक्यात म्हणता येईल. हे वाचताना कोल्हापूरकराला परके काही वाटू नये. शाहू महाराजांच्या आश्रयाने वाढलेल्या तालमींनी या शहरात हेच केले होते. माझे आजोबा तालमीत जात. कुणाच्या तोंडाला विडीचा वास आला तर वस्ताद त्याला आठवडाभर हौद्यात उतरू देत नसत, असे ते सांगायचे. तालमीतही मुलाला मोठे झाल्याचा मान मिळे, पण तो मेहनतीने, अंगाला माती लागल्यावर मिळे, आणि गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीच्या धारोष्ण दुधाचा पेला त्याच्या हाती देणाराही कुणीतरी थोरलाच असे. आज पेठेपेठेत तालीम मंडळे आहेत, फुटबॉलचे वेड आहे, शाहू स्टेडियमवर सामन्याला लोटणारी गर्दी आहे. मुलांना आपल्यात घेण्याची एवढी साधने ज्या शहरापाशी आहेत, त्याने बाटली हे साधन वापरू नये, असे मला कळकळीने वाटते. मंडळाच्या अध्यक्षाने मिरवणुकीआधी पोरांना जमवून एक वाक्य बोलले, तर त्याला माझ्या तासभराच्या व्याख्यानापेक्षा जास्त वजन येते.

गेल्या पालकसभेत हे सगळे बोलून झाल्यावर शिरोलीच्या एका फाउंड्रीत काम करणारे एक वडील उठले. "मॅडम, आमी दिवसभर भट्टीसमोर उभं ऱ्हातो. शनिवारी दोन घोट घेतो. ते पोराला दिसणारच. मग आता काय लपून प्यायची?" प्रश्नात राग नव्हता, अडचण होती. मी म्हटले, लपून पिऊ नका, मूल त्यातून लपवायलाच शिकते. शक्य असेल तर सोडा, आणि सुटत नसेल तर 14446 या व्यसनमुक्तीच्या मोफत क्रमांकावर फोन करा. पण सुटेपर्यंत तीन गोष्टी पाळा. मुलाला बाटली आणायला पाठवू नका, ग्लास भरायला लावू नका, आणि पिऊन त्याच्यासमोर गाडीला हात लावू नका. त्यावर मागच्या बाकावरून एक आई म्हणाली की तिचे मालक देत नाहीत, घेतही नाहीत, पण जेवणाला पाहुणे जमले की दुसराच कुणीतरी पोराच्या हातात पेला देतो, तेव्हा काय करायचे. सभेत बराच वेळ यावर बोलणे झाले. पोराने एकट्याने नको म्हणावे ही अपेक्षा सोळाव्या वर्षी जास्तीची आहे, असे सगळ्यांचे मत पडले. त्याच्या बाजूने तिथल्या तिथे, चारचौघांत, एखाद्या मोठ्या माणसाने "त्याला नको देऊ" म्हणायला पाहिजे. रस्सा मंडळात मुलांची पंगत आधी उठवावी, ती घरी गेल्यावर बाटली काढावी, आणि त्यांना घरी सोडणारा माणूस न पिणाराच असावा, हेही ठरले. ते फाउंड्रीतले वडील खाली बसता बसता शेजाऱ्याला म्हणाले, "म्हणजे पयल्यांदा मेव्हण्याला सांगाय लागतंय. त्योच देतोय." शेजारी म्हणाला, "मग या ऐतवारीच सांगा की. मी येतो संगट."